पार, तालीम आणि हौद

पुण्याच्या पेठांचा नकाशा हा एका अर्थाने जुना शब्दकोश आहे. मंडईपासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात तुळशीबाग, बेलबाग, रमणबाग, शनिपार, नगरकर तालीम अशी नावे भेटतात. त्यांतील उत्तरपदे वेगळी काढून पाहावीत: बाग, पार, तालीम. ही तिन्ही माणसांनी एकत्र येण्याच्या जागांची नावे आहेत. आज मात्र ती बहुतांशी पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. रिक्षावाल्याला ‘शनिपार’ म्हटले की चौक कळतो. पार म्हणजे झाडाभोवती बांधलेला, कुणालाही टेकता येईल असा कट्टा, हा अर्थ त्या उच्चारात शिल्लक नसतो. शब्द राहावा आणि त्याचा निर्देश नाहीसा व्हावा, ही घटना साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. पण इथे ती केवळ भाषिक नाही. शुक्रवार पेठेतल्या आठ वर्षांच्या मुलीने संध्याकाळी खेळायला कुठे जावे, हा प्रश्न तिच्याशी बांधलेला आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर व्हिएतनाममधील हनोई शहरात गेल्या दशकभरात शोधले गेले. चू किम दुक या वास्तुरचनाकार स्त्रीने सहकाऱ्यांसह २०१४ च्या सुमारास ‘थिंक प्लेग्राउंड्स’ हा गट उभा केला. जुने टायर, लाकूड, दोर अशा टाकाऊ वस्तूंपासून, वस्तीतल्या रहिवाशांना हाताशी घेऊन, या गटाने शंभराहून अधिक सार्वजनिक क्रीडांगणे बांधली. जागा बहुधा लहानच असते: दोन इमारतींमधला कोपरा, कचरा साठणारी पट्टी. मला यात महत्त्वाची वाटते ती काटकसर नव्हे, क्रम. आधी वस्ती एकत्र येते, मग जागा घडते. आपल्याकडे क्रम उलटा आहे. आधी निविदा, मग भिंत, मग फाटक, मग ‘हिरवळीवर चालू नये’ हा फलक, आणि शेवटी नागरिक.

हनोईचे उदाहरण ऐकून हळहळण्याची मात्र गरज नाही, कारण वस्तीने जागा घडवण्याची परंपरा मंडईच्या परिसराइतकी क्वचितच दुसरीकडे सापडेल. तालीम हे तिचे ठळक उदाहरण. गल्लीतल्या तरुणांनी माती मळावी, वस्तादाने शिकवावे, खर्च आळीने उचलावा, अशी ती व्यवस्था होती. गणेशोत्सव हे दुसरे. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन असो की शेजारच्या पेठांतले छोटे मंडळ असो, वर्गणी, मांडव, रात्रीचा पहारा आणि हिशेब ही सगळी कामे माणसे स्वतः करतात. दहा दिवस रस्ता हा रस्ता राहत नाही. तिथे बसता येते, उभे राहता येते, मुले मोकळी फिरतात. दहा दिवसांसाठी जे साधते ते वर्षभरासाठी का साधू नये, असा प्रश्न म्हणूनच विचारावासा वाटतो.

या प्रश्नाला सहज ‘होय’ म्हणण्याआधी थोडे थांबले पाहिजे. ‘लोकांनी बांधलेली’ जागा आणि ‘सर्वांची’ जागा या दोन कल्पना एक नाहीत. तालीम लोकांची होती, परंतु मुलींची नव्हती. पार गावाचा होता, परंतु त्यावर कोणी बसायचे हे जात ठरवत असे. सामूहिकतेच्या स्मरणरंजनात ही बाजू नेहमी गाळली जाते. पुण्यात सार्वजनिक या शब्दाला खरा अर्थ मिळाला तो १८६८ मध्ये, जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा. तो हौद खासगी मालकीचा होता, हे ध्यानात घ्यावे. जागा सार्वजनिक होते ती मालकीहक्काने नव्हे, प्रवेशाने.

मंडईच्या इमारतीशी फुल्यांचे नाते या दृष्टीने मननीय आहे. १८८६ मध्ये पुरी झालेली ही अष्टकोनी वास्तू मुळात ‘रे मार्केट’ म्हणून, मुंबईच्या गव्हर्नराच्या नावाने ओळखली जाई. नगरपालिकेचे सभासद असताना फुल्यांनी मंडईवरील मोठ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा आधी शिक्षणाकडे वळावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच इमारतीला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. हा विरोधाभास वरवरचा आहे. सार्वजनिक पैसा आधी कोणासाठी, हा फुल्यांचा प्रश्न त्या नावामुळे मंडईच्या कपाळी कायमचा कोरला गेला, असे मी मानतो.

तो प्रश्न आज विचारला तर उत्तर अवघडून टाकणारे आहे. मंडईच्या आसपास आर्यन आणि मिनर्व्हा ही चित्रपटगृहे होती. त्यांच्या जागी आज वाहनतळ आहेत आणि लोक त्यांना अजून त्याच नावांनी ओळखतात. गर्दीच्या बाजारपेठेला वाहनतळ लागतात, हे खरे. परंतु मोकळी झालेली जागा कोणाला द्यायची, हा निर्णय मोटारीच्या बाजूने झाला. मुलांच्या बाजूने झाला नाही. जवळची मोठी बाग म्हणजे पेशवेकालीन तळ्याच्या जागी झालेली सारसबाग. तिच्या शेजारी पेशवे पार्क, जिथे १९५६ पासून ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी धावू लागली आणि बालकवींच्या कवितेचे नाव मुलांच्या तोंडी आले. दोन्ही जागा मोलाच्या आहेत. पण तिथवर मुलाला मोठ्या माणसाचे बोट धरूनच जावे लागते. क्रीडांगणाचे मोजमाप क्षेत्रफळात करू नये. लहान मूल तिथे एकटे चालत जाऊ शकते का, हे पाहावे.

कायद्याची बाजूही जाणून घ्यायला हवी. विकास आराखड्यात मैदान वा उद्यान म्हणून रंगवलेली जागा आपोआप मैदान होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या ठरावीक मुदतीतही संपादन न झाल्यास आरक्षण रद्द होते. मालकाच्या दृष्टीने तरतूद न्याय्य आहे. पण तिचा अर्थ असा की कुणी पाठपुरावा केला नाही, तर नकाशावरचे हिरवे ठिपके आवाज न करता पुसले जातात. पाठपुरावा करणारा समूह हवा, तो येथे.

म्हणून मंडळांकडून अपेक्षा आहे, आणि ती भाबडी नाही. लक्ष्मी रस्त्याचा काही भाग ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिन म्हणून वाहनांना बंद ठेवला गेला आणि नंतरच्या वर्षीही तो उपक्रम झाला. म्हणजे पेठेतला रस्ता काही तास माणसांना देता येतो. सप्टेंबर २०२४ पासून मंडईत भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. गाडी न आणता येथे येणे आता शक्य आहे. तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ एखादी गल्ली मुलांसाठी राखणे, सुटीनंतर शाळांची पटांगणे वस्तीला उघडणे, एखाद्या वाहनतळाचा कोपरा आणि चार झाडे मागून घेणे, ही कामे मांडव उभारण्याहून अवघड नाहीत.

आक्षेप येईल तो पथारीवाल्यांचा, आणि तो रास्त आहे. सुशोभीकरणाच्या नावाखाली भाजीवाली आधी हटवली जाते, हा अनेक शहरांचा अनुभव आहे. मंडईत जी जागा घडेल ती भाजीवालीच्या मुलाला धरून घडली पाहिजे, कारण दिवसभर या परिसरात असणारे मूल बहुधा तेच असते. तिला उठवून केलेली बाग म्हणजे फाटक लावलेला हौद होय.

थोडक्यात, पाराची सावली, तालमीची मेहनत आणि हौदाची मुक्तता ही तीन मूल्ये एकत्र आली तरच ती जागा सार्वजनिक म्हणता येईल. पहिली दोन आपल्या परंपरेत आहेत. तिसरे एका माणसाने परंपरेशी भांडून मिळवले, आणि त्याचेच नाव मंडईने धारण केले आहे. ते नाव पत्त्यापुरते उरू द्यायचे की नाही, हे ठरवणे अजून आपल्या हाती आहे.