बीएस्सीच्या मुलाने वाढवलेला जिवाणू

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे एक संवाद ठरलेला असतो. "मग, कशाला घेतलं?" "बीएस्सीला." "अच्छा... आणि पुढे?" मी बीई केलं, मला हा दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही. बायोकेमिस्ट्री घेतलेल्या मुलीला मात्र तो प्रत्येक लग्नात आणि प्रत्येक गणपतीत विचारतात. त्यामागचा समज असा, की बीएस्सी म्हणजे नोट्स आणि परीक्षा. खरं संशोधन पीएचडीला, तेही जमलं तर.

मंडळी, या समजाला उत्तर म्हणून या वेळी एक खरी गोष्ट सांगतो. कोरोनाच्या काळात आपल्यापैकी बहुतेकांच्या नाकात एकदा तरी ती काडी गेली असेल. त्या आरटीपीसीआर चाचणीचा एक धागा मागे मागे नेला, तर तो पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या एका मुलापर्यंत पोचतो.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात टॉमस ब्रॉक नावाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. येलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांत काय जगतं, हे त्यांना पाहायचं होतं. आपण उनाईला किंवा तुव्याला जाऊन कुंडाच्या पाण्यात पाय बुडवतो. येलोस्टोनच्या अनेक झऱ्यांत पाय घालायची सोयच नाही, इतकं ते पाणी तापलेलं असतं. त्या काळी उष्णतेत वाढणारे जिवाणू शोधायचे म्हणजे नमुना साधारण ५५ अंश सेल्सियसला ठेवायचा, अशी रीत होती. त्यापलीकडे फारसं कुणी बघत नव्हतं.

ब्रॉक यांच्याकडे हडसन फ्रीझ हा पदवीचा विद्यार्थी कामाला होता. १९६६ मध्ये येलोस्टोनच्या मशरूम स्प्रिंग या झऱ्यातून आणलेला नमुना त्याच्या हाती आला. काम ऐकायला साधं आहे. परीक्षानळीत अगदी पातळ पोषकद्रव्य घ्यायचं, त्यात नमुना टाकायचा, नळी ७० ते ७५ अंशांच्या उष्णतेत ठेवायची आणि वाट पाहायची. बहुतेक जीवांची प्रथिनं या तापमानाला अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट होतात. पण फ्रीझच्या नळीतलं पाणी गढूळ झालं. म्हणजे आत काहीतरी वाढत होतं.

तो पिवळसर रंगाचा, काडीच्या आकाराचा जिवाणू होता. ७० अंशांना तो उत्तम वाढे आणि ७९ अंशांपर्यंत तग धरी. १९६९ मध्ये ब्रॉक आणि फ्रीझ यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव ठेवलं थर्मस अॅक्वाटिकस. गंमत म्हणजे असेच जिवाणू झऱ्यांपासून फार दूर, इमारतींतल्या गरम पाण्याच्या नळांतही त्यांना सापडले.

पुढचा प्रश्न जीवरसायनशास्त्राचा. एवढ्या उष्णतेत याच्या पेशीतली एन्झाइम टिकतात कशी? अल्डोलेज नावाचं एक एन्झाइम त्यांनी तपासलं. ते ९५ अंशांच्या आसपास सगळ्यात जोमात चालत होतं. १९७० च्या त्या लेखावर पहिलं नाव फ्रीझचं आहे.

यात पैसा कुठे होता? कुठेच नव्हता. जिवाणूचं पेटंट घेतलं नाही. त्याचा नमुना अमेरिकन टाइप कल्चर कलेक्शन या संग्रहात ठेवला, म्हणजे जगातल्या इतर संशोधकांनाही तो मागवता यावा.

१९७६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात अॅलिस चिएन आणि सहकाऱ्यांनी याच जिवाणूतून डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम वेगळं काढलं. चिएनही तेव्हा विद्यार्थिनीच होती. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. डीएनए साधारण ९५ अंशांना तापवला की त्याचे दोन धागे सुटे होतात. मग थंड करून प्रत्येक धाग्याची जोडी बनवायची, पुन्हा तापवायचं. दर फेरीला प्रती दुप्पट. दोनाचे घात माझ्या धंद्यात पाठच असतात: ३० फेऱ्या झाल्या की एकाचे शंभर कोटींहून जास्त. कोरोनाच्या अहवालात "सीटी व्हॅल्यू" छापून यायची, ती याच फेऱ्यांची मोजणी. विषाणू जास्त, तर तो कमी फेऱ्यांत दिसतो.

अडचण अशी होती, की सुरुवातीला वापरलेलं एन्झाइम प्रत्येक तापवणीत मरायचं. दर फेरीला झाकण उघडून नवं घालावं लागे. तेव्हा गरम झऱ्यातल्या त्या जिवाणूचं एन्झाइम कामी आलं. एकदा घाला, यंत्र सुरू करा आणि चहा घेऊन या. १९९३ मध्ये मुलिस यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१३ मध्ये ब्रॉक आणि फ्रीझ यांना गोल्डन गूज पुरस्कार मिळाला. सुरुवातीला बिनकामाच्या वाटणाऱ्या, पण पुढे जगाच्या उपयोगी पडलेल्या संशोधनाचा तो सन्मान आहे. फ्रीझ स्वतः पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ झाले आणि लहान मुलांच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारांवर काम करू लागले.

प्रत्येक मुलाला असा जिवाणू सापडेल का? नाही. उन्हाळ्यातले बहुतेक प्रकल्प काहीच न सापडता संपतात, हे घरी आधीच सांगून ठेवावं. पण फ्रीझने जे केलं त्यात अचाट बुद्धीपेक्षा वेगळ्याच गोष्टींचा वाटा मोठा होता. नीट मोजून द्रावण करणं, नळ्यांवर नाव-तारीख घालणं, रोज जाऊन बघणं, जे दिसलं तेच वहीत लिहिणं. हे विशीतला मुलगा किंवा मुलगी करू शकते. वर्गातल्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठाऊक असतं, आकडा जुळला नाही तर शेजारच्याचा बघता येतो. प्रयोगशाळेत शेजारच्याकडेही उत्तर नसतं. हा फरक वयाच्या विसाव्या वर्षी कळणं, ही खरी कमाई.

माझी मामेबहीण एस.वाय.ला आहे. यंदाच्या उन्हाळ्यात तिच्यापुढे दोन वाटा आहेत: एका कंपनीत महिना काही हजारांचं काम, किंवा दुसऱ्या गावी पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन महिने, बिनपगारी, वर खोलीचं भाडं. मामाचा प्रश्न रास्त आहे, "यातून मिळणार काय?" पैशाची ओढ ज्या घरात आहे, तिथे पहिली वाट धरावी लागते आणि त्यात कमीपणा नाही. पण जिथे दोन महिन्यांचा खर्च झेपतो, तिथे नुसतं "उपयोग काय" म्हणून मुलीला थांबवू नये, असं मी मामाला सांगितलं. तिला या कामात रमता येतं की नाही, हे आत्ता दोन महिन्यांत कळेल. नाहीतर ते पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळतं.

खर्चाचा भार हलका करायचे मार्गही आहेत. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी एनआययूएस उपक्रम चालवतं. या दोन्हींची माहिती उन्हाळ्याच्या बरीच आधी काढावी, मे महिन्यात जाग येऊन उपयोग नाही. चार वर्षांच्या नव्या पदवीत चौथं वर्ष संशोधनासाठी घेता येतं. आणि बडोद्यात तर सयाजीराव विद्यापीठाचा नावाजलेला जीवरसायन विभाग आपल्या दाराशीच आहे.

प्राध्यापकांना पत्र लिहिताना पन्नास जणांना एकच मजकूर पाठवू नका. एकाचंच काम वाचा, त्यातलं काय कळलं आणि काय कळलं नाही ते चार ओळींत लिहा. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा.

शेवटी एक विनंती. मंडळाच्या सभासदांत प्रयोगशाळेत काम केलेले काही जण नक्कीच असतील. त्यांनी आपली नावं कार्यालयात कळवावीत. दिवाळीनंतर एखाद्या रविवारी कॉलेजच्या मुलांना त्यांच्यासमोर बसवू. घरात कुणी न केलेलं काम निवडताना, ते केलेलं माणूस समोर दिसलं की मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांनाही धीर येतो.