स्पेसबार दाबला, जागा दिसली नाही!

कंबोडियाच्या ख्मेर लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. म्हणून तिथल्या कीबोर्डवर स्पेसबार दाबला की न दिसणारी, शून्य रुंदीची जागा उमटते. ओळ कुठे तोडायची हे कॉम्प्युटरला त्यावरून कळतं. दिसणारी जागा हवी तर शिफ्ट दाबायचं.

लिनक्सवर हा कीबोर्ड आहे. पण जुन्या एक्स-११ मध्ये एका कळीला एकच चिन्ह, आणि ख्मेरचे काही स्वर दोन चिन्हांचे! मग कळीला युनिकोडमधला रिकामा क्रमांक द्यायचा आणि दुसऱ्या फाइलमधून तो बदलून घ्यायचा. एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल वाचली नाही, की संपलं. दीड कोटींहून जास्त लोकांच्या भाषेला ही असली ठिगळं!

१९९९ साली युनिकोडमध्ये ख्मेर आली ती आपल्या हलन्ताच्या धर्तीवर. कंबोडियाने नंतर हरकत घेतली. पण युनिकोड दिलेला क्रमांक परत घेत नाही. हे कायमचं झालं. लिनक्सची फाइल मात्र उघडी आहे, कुणीही बदलू शकतं. म्हणूनच मला वाटतं, ‘सपोर्ट दिला’ असं जाहीर करण्याआधी ख्मेरमध्ये रोज टाइप करणाऱ्या चार जणांना तरी त्यावर पानभर मजकूर लिहायला बसवा.