वर्गातल्या हवेचाही नियम करा!

पालकहो, शिक्षकहो, अंगणवाडीच्या ताईंनो,

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या आहेत. थंडी वाढली की खिडक्या लागतात आणि नेमका याच दिवसांत धूर आणि धुरळा जमिनीलगत साचून राहतो. एकेका खोलीत चाळीस-पन्नास मुलं तासन् तास तीच हवा पुन्हा पुन्हा श्वासात घेतात. त्या हवेत धूळ किती असावी, कार्बन डायऑक्साइड किती चालेल, याचं कायद्याचं बंधन आपल्याकडे कुणावरच नाही.

2009 चा शिक्षण हक्क कायदा शाळेत वर्ग, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण हे सगळं मागतो. हवा मागत नाही. त्याच वर्षी देशाने 12 प्रदूषकांच्या मर्यादा ठरवल्या, पण त्या बाहेरच्या हवेसाठी.

लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेतं आणि वजनाच्या मानाने जास्त हवा आत ओढतं. आता शहरातलं एखादं पाळणाघर डोळ्यांपुढे आणा. दोन खोल्यांचा फ्लॅट, दुपारची झोपेची वेळ, आवाज नको म्हणून खिडक्या बंद, एसी चालू आणि डास नकोत म्हणून कोपऱ्यात पेटलेली कॉइल. घरोघरी बसवलेला स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. गादीवर झोपलेली बाळं कॉइलचा तो धूर घेत राहतात. यात सांभाळणाऱ्या बाईंचा दोष नाही, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही. कुठे वर्गालगतच्या चुलीवर खिचडी शिजते, कुठे शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात ऑइल पेंट मारला जातो आणि त्याच उग्र वासात पहिलीची मुलं बसतात.

2022 च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या गोवंडीत गोवराने मुलं दगावली. लसीकरणात राहिलेल्या उणिवांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. कोंदट खोल्यांचा विचार तेव्हाही मागे पडला.

आतल्या हवेचा नियम करणं हे होण्यासारखं काम आहे. फ्रान्सने पाळणाघरं, बालवाड्या आणि प्राथमिक शाळांना आतल्या हवेवर देखरेख ठेवणं 2018 पासून बंधनकारक केलं. 2023 पासून तिथे दरवर्षी वायुवीजनाची पाहणी होते आणि कार्बन डायऑक्साइड मोजला जातो.

आपली मागणी साधी आहे. शाळा, अंगणवाडी आणि खासगी पाळणाघर या तिघांनाही लागू होईल असा एकच नियम राज्य सरकारने करावा. शाळा एका खात्याकडे आणि अंगणवाड्या दुसऱ्या खात्याकडे, म्हणून तो अडकू नये. परवानगी देताना आणि त्यानंतर दरवर्षी हवा मोजावी, निकाल दर्शनी फलकावर लावावा. मुलांच्या खोलीत कॉइल नको, चुलीचा धूर नको, रंगकाम सुट्टीच्या सुरुवातीलाच उरकावं. जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांचा, तसंच अंगणवाड्यांचा खर्च सरकारने उचलावा, तो सेविकेच्या किंवा मुख्याध्यापकांच्या खिशातून जाऊ नये. आणि कृपा करून एअर प्युरिफायरच्या खरेदीपासून सुरुवात करू नका. ते यंत्र धूळ गाळतं, ताजी हवा आणत नाही. आधी समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखे हवेत. हमरस्त्याला किंवा बांधकामाला लागून असलेल्या शाळांना मात्र गाळणी लागेलच.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन तोंडावर आहे आणि मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडलं जाईल. त्याआधी आवाज उठला नाही, तर आणखी एक वर्ष हातचं जाईल. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे ठराव करणं आपल्याच हातात आहे. या महिन्याच्या बैठकीत विषय घ्या. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघात मांडा, गावात ग्रामसभेत मांडा. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि एक आपल्या आमदारांना अधिवेशनाआधी नेऊन द्या, आणि दोन्हीकडून सही-शिक्क्याची पोच घ्या.