यंत्राची तूट आणि माणसाचा पगार

रेल्वेचे फलाट, इस्पितळे, महाविद्यालये, माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आणि अलीकडे मोठ्या कारखान्यांची उपाहारगृहे, या सर्व ठिकाणी काचेच्या दर्शनी भागाची एक उंच पेटी उभी राहिलेली दिसते. पैसे भरावेत, क्रमांक दाबावा, की आतील तारेचे वेटोळे फिरते आणि बिस्किटाचा पुडा अथवा सरबताचा डबा खाली पडतो. या वेंडिंग मशीनची थोरवी सांगताना व्यवस्थापकवर्ग एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो : येथे दुकानदार नको, नोकर नको, सारे आपोआप होते. ‘आपोआप’ या शब्दाने गेल्या दीडशे वर्षांत कामगारवर्गाची जितकी फसवणूक केली आहे, तितकी क्वचितच दुसऱ्या शब्दाने केली असेल. बिस्किटाचा पुडा त्या वेटोळ्यात आपोआप जाऊन बसत नाही. कोणीतरी तो रोज तेथे नेऊन ठेवतो. या लेखाचा विषय तो ‘कोणीतरी’ आहे.

आमच्या अभ्यासमंडळात येणारा एक तरुण पुण्यात हे काम करतो. त्याचे नाव येथे देत नाही आणि त्याच्या कंपनीचेही नाही. नाव छापल्याने कंपनीचे काही बिघडणार नाही. त्याची नोकरी मात्र जाईल. सकाळी सातला गोदामातून खोकी उचलायची, टेंपोतून निघायचे आणि दिवसभरात पंधरा-सोळा पेट्या भरायच्या. प्रत्येक ठिकाणी दार उघडून मुदत संपलेला माल काढायचा, जुना पुढे आणि नवा मागे लावायचा, अडकलेले पुडे सोडवायचे, काच पुसायची, मोजदाद करून मोबाईलवर आकडे भरायचे. या सर्व वेळी त्याचे तोंड पेटीकडे आणि पाठ वाटेकडे असते. पाठीमागे ट्रॉलीवर उघडी खोकी असतात. पाठ वळली की दोन डबे जातात. नेणारे भुकेले नसतात. गळ्यात ओळखपत्राची फीत असलेले, या तरुणाच्या पाच-सहापट पगार घेणारे लोक असतात. काहीजण तर चोरून नेण्याचेही कष्ट घेत नाहीत. ‘एक सॅम्पल दे रे’ असे हसत म्हणतात आणि हात घालतात. त्याने ‘सर, मोजून भरायचे असते’ असे म्हटले, तर तो उद्धट ठरतो.

आणि मग गाऱ्हाणी. काल कोणाचे चाळीस रुपये गेले आणि पुडा वेटोळ्यातच लटकून राहिला. पैसे परत करण्याचा अधिकार या तरुणाला नाही. त्यासाठी पेटीवर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत दूरध्वनी क्रमांक असतो, आणि तो लावला की ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येतो. ग्राहकाला राग येतो, तो योग्यच आहे. पण ध्वनिमुद्रित आवाजावर राग काढता येत नाही. समोर गणवेशातला एकच जिवंत माणूस असतो. शिव्या त्याला बसतात, ‘तुम्ही सगळे चोर’ हे वाक्यही त्यालाच ऐकावे लागते. सुपरवायझरला फोन केला तर उत्तर ठरलेले : वाद घालू नकोस, एक पुडा देऊन टाक. तो देतो. महिनाअखेर तोच पुडा ‘शॉर्टेज’ म्हणून त्याच्या नावावर लागतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे ही म्हण आपण ऐकली आहे. येथे हलवाईसुद्धा नाही, हलवायाच्या पोऱ्याच्या घरावर तुळशीपत्र आहे. गेल्या वर्षी एका महिन्यात या तरुणाच्या पगारातून अठराशे रुपये अशा रीतीने कापले गेले.

ही तूट काढली कशी जाते, हे पाहण्यासारखे आहे. इतका माल भरला, यंत्राच्या नोंदीप्रमाणे इतका विकला गेला, इतका शिल्लक असायला हवा होता, इतका सापडला. फरक म्हणजे तूट, आणि तूट म्हणजे भरणाऱ्याचा दोष. पहिल्या चार पायऱ्या अंकगणिताच्या आहेत. पाचवी निव्वळ मालकीहक्काची आहे. एकदा अडकलेले आणि नंतर धक्क्याने सुटलेले पुडे, खालच्या झडपेतून हात घालून ओढलेले डबे, दुरुस्तीसाठी दार उघडणारा तंत्रज्ञ, दुसरी किल्ली बाळगणारा सुपरवायझर, मुदत संपली म्हणून परत नेलेला पण गोदामात नोंद न झालेला माल, ग्राहकाची समजूत घालण्यासाठी वरिष्ठांच्याच हुकुमाने दिलेला पुडा, इतक्या वाटांनी माल जाऊ शकतो. त्या फरकाच्या आकड्यावर यांपैकी कोणाचीही सही नसते. तरीही पगार एकाचाच कापला जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही हिशेबी पद्धत आहे.

कायदा याला परवानगी देतो, असे सुपरवायझर सांगतात. ते अर्धसत्य आहे. १९३६च्या वेतन प्रदान अधिनियमाच्या सातव्या कलमात नुकसानीपोटी कपातीची तरतूद होती. परंतु माल स्पष्टपणे त्या कामगाराच्या ताब्यात दिलेला असला पाहिजे आणि नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीमुळे वा कसुरीमुळे झालेले असले पाहिजे, अशा अटी त्याच वाक्यात होत्या. दहाव्या कलमाप्रमाणे कारण दाखवण्याची संधी दिल्यावाचून कपात करता येत नसे. हा कायदा ज्या २०१९च्या वेतन संहितेत विलीन झाला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. नव्या संहितांविषयी माझे मत येथील वाचकांना ठाऊक आहे आणि ते बदललेले नाही. पण संहितेच्या अठराव्या व एकविसाव्या कलमांत या अटी कायम आहेत : कपात प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक नसावी, आधी म्हणणे ऐकून घ्यावे, प्रत्येक कपात नोंदवहीत लिहावी. ग्राहकाने तक्रार केली म्हणून दंड करायचा, तर तो त्या काळातील वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक करता येत नाही, आणि कोणत्या कृत्यांना दंड लागतो ते आधी जाहीर करून ठेवावे लागते. आमच्या या तरुणाने कारणे दाखवा नोटीस कधी पाहिलेली नाही. त्याने पाहिला तो नोकरीला लागताना सही करून दिलेला एक कोरा कागद.

आता थोडे अर्थशास्त्र, कारण आयुष्यभर तेच शिकवले. नफा हा शोषणातून येतो असे आपण म्हणतो, तेव्हा मालकवर्गाचे पंडित फ्रँक नाइट यांचे १९२१ सालचे पुस्तक पुढे करतात. नफा म्हणजे अनिश्चिततेचा भार वाहिल्याचे फळ, असा त्या विवेचनाचा मथितार्थ आहे. मजुराला ठरलेले वेतन मिळते, धंदा बुडो वा तरो. उद्योजक जोखीम घेतो, म्हणून उरलेले त्याचे. हा सिद्धान्त मला मान्य नाही. पण क्षणभर त्यांच्याच तराजूत त्यांना तोलू. वाटसरूंच्या वाटेवर मालाने भरलेली पेटी रखवालदाराविना उभी करणे ही जोखीम कोणी पत्करली? दुकानदाराचा पगार वाचावा म्हणून कंपनीने पत्करली. वाचलेला पगार कोणाच्या खिशात गेला? कंपनीच्या. मग रखवालदार नसल्यामुळे गेलेला माल कोणाच्या खिशातून भरून निघतो? जोखमीचे फळ एकाकडे आणि जोखीम दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी नाइट यांच्या पोथीतही बसत नाही. ठरलेले वेतन ज्याला मिळते त्याचे वेतनच जर ठरलेले राहत नसेल, तर तो मजूर न राहता बिननफ्याचा भागीदार होतो.

भुरट्या चोरीला भांडवल खरोखर घाबरते तेव्हा काय करते, याचे उदाहरण जपानमध्ये आहे. तेथे सर्व प्रकारची मिळून अशी सुमारे ४० लाख यंत्रे आहेत. १९८२ साली जपानने ५०० येनचे नाणे काढले आणि त्याच वर्षी दक्षिण कोरियाने ५०० वॉनचे. दोन्हींचा आकार सारखा, धातू सारखा. कोरियन नाणे किंचित जड आणि किमतीने जवळपास एक-दशांश. लोकांनी त्याला भोक पाडून, तासून वजन जुळवले. हे नाणे यंत्रात टाकायचे, परत करण्याचा खटका दाबायचा आणि खरे जपानी नाणे घेऊन निघून जायचे! हे इतके वाढले, की २००० साली जपान सरकारने वेगळ्या मिश्रधातूचे नवे ५०० येनचे नाणे काढले. धंद्याच्या हितासाठी राज्यसंस्था देशाचे नाणे बदलू शकते. आपल्याकडे कामगाराच्या हितासाठी पेटीची किल्ली कोणाकोणाकडे आहे याची यादीसुद्धा करता येत नाही.

यूपीआय आल्यावर नाण्यांची लबाडी संपली, असे सांगितले जाते. काही अंशी ते खरे आहे. पण ग्राहकाच्या रागाचे कारण संपले नाही, फक्त अदृश्य झाले. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला पैसे पोहोचल्याची खूण मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत व्हावी लागते, आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. चांगली तरतूद आहे. परंतु पैसे पोहोचले आणि पुडा अडकला, तर ती लागू होत नाही. तेथे ग्राहक, पेटी आणि पेटी भरणारा एवढेच उरतात. पुष्कळजण मग पेटीलाच धक्के मारतात. १९८८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एका लष्करी डॉक्टरने अशी यंत्रे हलवताना ती अंगावर पडून जखमी झालेल्या १५ पुरुषांची माहिती दिली होती. त्यांतले तीन दगावले. काही रुपयांच्या डब्यासाठी!

आपल्या काही तरुण मित्रांना इथे एक गोष्ट खटकेल. कंपनीच्या पेटीतून डबा उचलणे म्हणजे भांडवलाला दिलेला छोटासा चिमटा, असे ते मानतात, आणि हॉब्सबॉम यांच्या सामाजिक दरोडेखोरांपासून ई. पी. थॉम्पसन यांच्या धान्यदंगलींपर्यंत दाखलेही देतात. त्यांनी थॉम्पसन पुन्हा वाचावा. अठराव्या शतकातील इंग्लंडमधले ते जमाव दिवसाढवळ्या, एकत्र येऊन, रास्त भाव ठरवून धान्य विकत असत, आणि कित्येकदा ते पैसे मालकाच्या हाती ठेवीत. दुपारी दोन वाजता, कोणी पाहत नाही असे पाहून ट्रॉलीवरचे चॉकलेट खिशात घालणारा अभियंता त्यांचा वारस नव्हे. त्याचा चिमटा भांडवलाला बसत नाही. कपातीचा तक्ता पाहिला तर तो कोणाच्या कातडीला बसतो ते कळेल. उपाशी माणसाने भाकरी उचलली तर तिचा न्याय वेगळा. तिच्यावर मी कधी लिहिणार नाही असे नाही, पण येथे तो प्रश्नच नाही.

ग्राहकाला शत्रू समजण्याचेही कारण नाही. इस्पितळाच्या वऱ्हांड्यात रात्री दोन वाजता ज्याचे शेवटचे वीस रुपये पेटीने गिळले, तो नातेवाईक ओरडणारच. त्याचे पैसे बुडाले आहेत, याचा पगार बुडणार आहे, आणि दोघे एकमेकांच्या अंगावर धावून जात आहेत. कंपनीचे सर्वात मोठे यश या दृश्यात आहे. वाटेत उभे राहून दोघांना वेगळे करण्याचे काम आपले आहे, आणि ते अशक्य नाही. मे २०१८मध्ये टोकियो रेल्वे स्थानकातील शीतपेयांची यंत्रे भरणाऱ्या कामगारांनी हे करून दाखवले. त्यांचे काम कार्यालयाबाहेर चालते, म्हणून किती तास काम झाले ते मोजता येत नाही, अशी सबब सांगून जादा कामाचा मोबदला बुडवला जात होता. आधी त्यांनी नियमावर बोट ठेवून काम केले : विश्रांतीचा तास पूर्ण घ्यायचा, आठ तास झाले की घरी. नंतर सुट्ट्यांच्या ऐन गर्दीत त्यांच्या संघटनेने संप केला. यंत्रांवर एकामागून एक ‘विकले गेले’चे दिवे लागले, आणि ही यंत्रे माणसे भरतात हे हजारो प्रवाशांना तेव्हा कळले.

आपल्या कार्यकर्त्यांनी सुरुवात याहून लहान करावी. ज्या कारखान्यात, बँकेत, महाविद्यालयात आपली युनियन आहे तेथे ही पेटी व्यवस्थापनाच्या परवानगीने आलेली असते, म्हणजे परवानगीच्या करारात अटी घालता येतात. पैसे परत करण्याची जबाबदारी कंपनीची, क्रमांक ठळक मराठीत, उत्तर जिवंत माणसाने द्यायचे. दार उघडताना शिल्लक मालाची मोजणी युनियनच्या एका प्रतिनिधीसमोर व्हावी आणि कागदावर दोन सह्या पडाव्यात. दोन भरण्यांमधली तूट कंपनीने सोसावी. पेटी भरणारे बहुधा मजूर-ठेकेदाराकडून आलेले असतात, आणि ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याचे दायित्व मूळ मालकावर येते. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यातली ही तरतूद नव्या संहितेतही टिकली आहे, तिचा उपयोग करावा. ज्या पेट्या आपल्या आवारात आहेत, त्या भरणाऱ्यांना आपल्या सभेला बोलवावे. एका शहरात त्यांची संख्या थोडी असते, पण प्रत्येकाला दिवसात पंधरा ठिकाणे माहीत असतात. आमच्या तरुणाच्या वतीने कपातीच्या नोंदवहीची प्रत मागणारा अर्ज तयार झाला आहे. त्याच्याबरोबरचे आणखी चौघे सही करायला तयार झाले की तो ठेकेदाराकडे आणि मूळ कंपनीकडे एकाच दिवशी जाईल. आज दोघे तयार आहेत.