टेबलाकडे बघा की!

टेक्सास होल्डेममध्ये हातात दोन एक्के आले, की माणूस जावयासारखा ताठ बसतो. हरला की म्हणतो, "नशीबच फुटकं!" मला या मंडळींचा भारी राग येतो. अहो, टेबलावर पाच पानं उघडी पडलीत ती कुणासाठी? इस्पिक राजा, इस्पिक नव्वी, किलवर अठ्ठी, चौकट सत्ती, बदाम दुर्री. जोडी नाही, तेव्हा फुल हाउस नाही. एका रंगाची तीन नाहीत, तेव्हा फ्लशही नाही. पण सत्ती-अठ्ठी-नव्वी ओळीनं उभ्या आहेत ना! गुलाम-दश्शीवाला इथला राजा. साधा पंजी-छक्कीवालासुद्धा तुमचे एक्के खिशात घालतो. आपल्या तीनपत्तीत सगळीच पानं झाकलेली, तिथं नशिबाच्या नावानं रडणं शोभतं. इथं सगळ्यात भारी पानं कोणती, हे टेबल ओरडून सांगतंय. आणि हे गृहस्थ आपली दोन पानं तिसऱ्यांदा हळूच उचलून बघताहेत, जणू मधल्या वेळात एक्क्याला पिल्लू होणार आहे!