‘ट्रिक’ नको, कलम वाचा!

वकिलीची सनद घेतली तरी ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास व्हावीच लागते. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बार कौन्सिलचा हा अधिकार मान्य केला. शंभर प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, टिपणी नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. तरीही आपली पोरं क्लासवाल्यांच्या ‘ट्रिक’मागे धावतात. ‘नेहमी’, ‘कुठेही’ असे शब्द असलेला पर्याय काटा, लांबलचक पर्याय निवडा, वगैरे. हा धंदा ओळखा.

एक प्रश्न घेऊ. सवर्ण शेजाऱ्याने घराच्या अंगणात, रस्त्यावरचे लोक पाहत असताना, अनुसूचित जातीच्या माणसाला जातीवरून शिवी दिली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होतो का?

(अ) नाही, अंगण खाजगी आहे.
(ब) होय, शिवी कुठेही दिली तरी गुन्हाच.
(क) होय, जागा खाजगी असली तरी लोकांच्या नजरेसमोर आहे.
(ड) नाही, शारीरिक इजा झालेली नाही.

(ड) लगेच गळतो, कारण या कलमाला इजेची अटच नाही. खरी फसगत (अ) आणि (ब) मध्ये आहे. ‘सार्वजनिक ठिकाण’ एवढंच पाठ केलेला (अ) वर खूण करतो. ज्याने हा अपमान सोसलाय तो संतापाने (ब) निवडतो. संताप रास्त आहे, पण उत्तर चूक. कलम 3(1)(एस) ‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणत नाही, लोकांच्या दृष्टीस पडणारे कोणतेही ठिकाण म्हणते. 2008 च्या स्वर्ण सिंग निकालात हाच फरक सांगितला आहे. म्हणून उत्तर (क).

‘कुठेही’ शब्द पाहून (ब) काटणाऱ्यालाही गुण मिळेलच. पण का काटला, ते त्याला सांगता येणार नाही. परीक्षेत कारण कोणी विचारत नाही, कोर्टात विचारतात. फिर्यादीत ‘रस्त्यावरून लोक पाहत होते’ हे वाक्य राहिलं, साक्षीदारांची नावं राहिली, की आरोपी सुटतो. मग आपणच म्हणतो, कायदा कुचकामी आहे. म्हणजे इथे चुकलेल्या गुणाची किंमत उद्या वस्तीतला एखादा माणूस मोजणार असतो.

अनुसूचित जाती-जमातींना 40 आणि खुल्या व ओबीसी प्रवर्गाला 45 टक्के, यावरून गुणवत्तेची टिंगल करणाऱ्यांना उत्तर देण्यात वेळ घालवू नका. सनद मिळाल्यावर न्यायाधीश टक्के विचारत नाही, कलम विचारतो.

बाबासाहेबांनी धर्मशास्त्रं स्वतः वाचली, म्हणून त्यांच्याशी वाद घालणं भल्याभल्यांना जड गेलं. तीच सवय लावा. रविवारी विहारात दोन तास मूळ कायदा उघडा. प्रश्न सोडवताना बरोबर उत्तरावर थांबू नका. उरलेले तीन पर्याय का चूक, हे एकमेकांना कलम दाखवून सांगा. परीक्षेत मात्र एकही प्रश्न कोरा सोडू नका.

जय भीम!