पक्षी नसलेले गीत

आज असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण. ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी त्यांनी देह ठेवला. त्याला काल ८०० वर्षे पुरी झाली. १ सप्टेंबरपासून जगभरच्या ख्रिस्तमंडळ्यांत चाललेला सृष्टीसाठीच्या प्रार्थनेचा काळही आजच संपतो. साहजिकच आज ठिकठिकाणी त्यांचा तो ओळखीचा पुतळा फुलांनी सजेल: खांद्यावर पाखरू, पायाशी लांडगा, चेहऱ्यावर गोड हसू.

या पुतळ्याशी आमचे थोडे भांडण आहे. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत ठरवले आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीविषयीच्या आपल्या विश्वपत्राला ‘लाउदातो सी’ हे नाव त्यांच्याच गीतातून दिले. ते गीत मात्र फारसे कोणी सबंध वाचत नाही. त्यात सूर्य आहे, चंद्र-तारे आहेत, वारा, पाणी, अग्नी आणि फुलाफळांसह धरणीमाता आहे. पाखरू एकही नाही, जनावरही नाही. पुढे येतात ती क्षमा करणारी माणसे, आणि शेवटी मृत्यू. त्यालाही बहिणीचे नाते दिलेले.

हे गीत रचले गेले १२२५ च्या सुमारास, असिसीजवळच्या सान दामियानोत. फ्रान्सिस तेव्हा आजारी होते आणि डोळ्यांच्या दुखण्याने त्यांना उजेड सोसवत नव्हता. ज्याला सूर्याकडे बघणे अशक्य झाले होते, त्याने सूर्याला बंधू म्हटले. पुढे वैद्याने तापल्या लोखंडाने त्यांच्या कानशिलावर डाग दिले. त्या वेळी त्यांनी अग्नीला भावासारखी विनवणी केली, जरा सौम्य हो म्हणून. निसर्गाच्या सान्निध्यात देव भेटतो असे आपण सहज म्हणून जातो, तेव्हा हा निसर्ग आपल्या डोळ्यांपुढे नसतो.

मग हे गीत आले कुठून? आमच्या मते, ओठांवर बसलेल्या स्तोत्रांतून. १४८वे स्तोत्र सूर्य-चंद्रापासून बर्फ-वाऱ्यापर्यंत साऱ्यांना स्तुतीला बोलावते. दानिएलाच्या ग्रंथात भट्टीत टाकलेले तीन तरुण तेच करतात. वर्षानुवर्षे दिवसाच्या ठरल्या प्रहरी हे म्हणणाऱ्या माणसाला डोळे मिटले तरी सृष्टी दिसत राहते. त्यांचे पहिले चरित्रकार चेलानोचे थॉमस दोन गोष्टी सांगतात. वाटेत किडा दिसला की फ्रान्सिस तो उचलून कडेला ठेवीत, कारण एका स्तोत्रातला पीडित मनुष्य स्वतःला किडा म्हणवतो आणि ख्रिस्ती परंपरा त्या शब्दांत ख्रिस्ताचा आवाज ऐकते. दुसरी गोष्ट लिहिलेल्या कागदाच्या कपट्याची. तोही ते जमिनीवरून उचलून नीट ठेवीत. न जाणो, त्यावर प्रभूचे नाव असेल. किडा आणि कपटा दोन्हींसाठी वाकणारा माणूस एकच होता.

आमची वसईकडची तरुण मुले म्हणतात, देव आम्हाला तुंगारेश्वरच्या डोंगरात भेटतो, मिस्सेत भेटत नाही. त्यांना हसू नये. निर्मितीवरून निर्माता कळतो हे संत पौलानेच रोमकरांस लिहिले आहे. पण डोंगर देवाची थोरवी सांगेल. तो देव आपल्यासाठी क्रुसावर गेला हे डोंगर कसे सांगणार? १९व्या स्तोत्राचा अर्धा भाग आकाशाविषयी आहे, आणि मग ते एकदम नियमशास्त्राकडे वळते. काही अभ्यासकांना ती जोडलेली दोन वेगळी गीते वाटतात. असतीलही. जोडणाऱ्याला आपण काय करतोय हे पक्के ठाऊक होते.

मराठीने ज्यांना फुलामुलांचे कवी म्हटले त्या रेव्हरंड ना. वा. टिळकांचेच पाहा. त्यांना ख्रिस्ताकडे नेले ते आगगाडीत एका सहप्रवाशाने हाती ठेवलेल्या नव्या कराराने, त्यातही डोंगरावरील प्रवचनाने. आणि ते प्रवचन काय सांगते? रानातली फुले पाहा, आकाशातली पाखरे पाहा.

उलट बाजूचे लोकही आमच्यात कमी नाहीत. त्यांना वचने अध्याय-ओवीसह पाठ, पण अंगणातल्या झाडाचे नाव विचारा! येशूचे दाखले खडकाळ जमीन, काटेरी झुडुपे, मोहरीचा दाणा आणि अंजिराची पालवी पाहिलेल्या माणसांसाठी होते. विरार-नालासोपाऱ्याच्या चौथ्या मजल्यावर वाढलेल्या मुलाला पेरणाऱ्याचा दाखला धर्मशिक्षणाच्या वर्गात नुसता वाचून दाखवणे म्हणजे अर्धाच शिकवणे. एक रविवार त्या वर्गाला वाडीत न्या.

वसईने हे दोन्ही एका माणसात पाहिले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्याच फादरांनी हरित वसई संरक्षण समितीतर्फे लोकांना रस्त्यावर उतरवले. केळीच्या वाड्या, पानवेली आणि बावखले (गोड्या पाण्याची तळी) वाचवणे हे पाद्र्याचे काम आहे का, असे तेव्हा विचारले गेले. २०२४ च्या जुलैत ते गेले. तो प्रश्न आता निदान उघडपणे कोणी विचारत नाही, पण बावखलांत भराव पडायचा थांबलेला नाही, आणि भराव टाकणाऱ्यांत देवळात पुढच्या बाकावर बसणारेही आहेत.

गीतातले क्षमेचे कडवे मागाहून आले. असिसीचे बिशप आणि नगरप्रमुख यांचे हाडवैर पेटले होते. बिशपांनी त्याला धर्मबहिष्कृत केले. त्याने बिशपांशी कोणी देवघेव करू नये अशी दवंडी पिटली. अंथरुणावरच्या फ्रान्सिस यांनी हे कडवे रचले आणि आपल्या बंधूंना दोघांसमोर ते गीत म्हणायला पाठवले. दोघांचा समेट झाला. सृष्टीचे गीत माणसांच्या भांडणापाशी येऊन थांबले, याची आठवण सृष्टीच्या नावाने होणाऱ्या प्रवचनांत आम्ही क्वचितच ऐकतो.

आज अनेक धर्मग्रामांत मिस्सेनंतर रोपे वाटली जातील. जरूर वाटावीत. बांधावरून कोर्टात भांडणाऱ्या दोन भावांच्याही हातात एकेक रोप पडेल, आणि घरी गेल्यावर ते बांधाच्या कोणत्या अंगाला लावायचे हे त्यांना एकमेकांना विचारावे लागेल.